घरचा रियाज: फोनने ऐकवावं, दाखवू नये

तुमचा प्रश्न वाचला आणि माझाच 10 वर्षांपूर्वीचा वर्ग डोळ्यांसमोर आला. गुहागरजवळ दर शनिवारी 14 मुलं तुमच्याकडे गायला येतात, पुढच्या शनिवारपर्यंत घरी कुणी तोंड उघडत नाही, पालक ‘एखादं ॲप सांगा’ म्हणून मागे लागलेत आणि ॲप इतकी आहेत की कुठलं घ्यावं कळत नाही. मी मालवण तालुक्यात आचऱ्याच्या बाजूला 22 वर्षं गायन आणि पेटी शिकवते. बरंच वापरून पाहिलं, त्यातलं बरंचसं सोडलंही. आता माझी कसोटी एकच आहे. ज्या साधनामुळे मूल जास्त ऐकायला लागतं ते ठेवायचं. ज्यामुळे ते पडद्याकडे बघायला लागतं ते काढून टाकायचं.

या कसोटीवर सगळ्यात आधी उतरतो तो तंबोरा. घरी खरा तंबोरा असलेली मुलं माझ्याकडे आजवर दोनच आली. पेटी काही घरांत असते, बहुतेक भजनाची, पण आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला ठाऊकच आहे. जून लागला की पट्ट्या फुगून अडकतात, भात्याला ओल लागते, तबल्याची पुडी उतरते ती चढता चढत नाही. अशा चार महिन्यांत फोनमधला तंबोरा हाच मुलाचा आधार. अँड्रॉइडवर ‘तानपुरा ड्रॉइड’ फुकट मिळतं. पैसे घालायची तयारी असेल तर ‘आयतबला प्रो’मध्ये तंबोरा आणि तबला दोन्ही आहेत. दोन्ही नेटशिवाय चालतात, आणि आपल्या वाड्यांवर हेच महत्त्वाचं. पावसात लाइट आणि रेंज एकदमच जातात, पण चार्ज केलेला फोन संध्याकाळभर पुरतो.

मात्र ॲप उतरवून द्या आणि विसरून जा, असं करू नका. प्रत्येक मुलाची पट्टी, म्हणजे त्याचा सा पेटीच्या कुठल्या सुरावर धरायचा ते, तुम्हीच लावून द्या. मूल घरी गेलं की काळी पाचच्या (सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीच्या) जागी काळी दोन लागलेली असते आणि ते तसंच ओढून ताणून गात राहतं. तंबोऱ्याची पहिली तार कशावर ठेवायची तेही सांगा: भूप, यमन हे राग असेपर्यंत पंचम (प), पुढे मालकंस आला की मध्यम (म). घरची जुनी पेटी असेल तर आणखी एक घोळ होतो. तिचे सूर काळानुसार थोडे वरखाली झालेले असतात आणि ॲपचा सा तिच्या सा शी जुळत नाही. दोन्ही एकदम लावले की सूर हलल्यासारखा ऐकू येतो. ॲपमध्ये बारीक फरकाने सूर चढवता-उतरवता येतो. तो हलका हलका सरकवत न्यायचा, हलणं मंद होत थांबलं की जुळला. हे काम मी पालकांना करू देत नाही, मुलाकडूनच करून घेते. त्या पाच मिनिटांत कान जेवढा तयार होतो तेवढा महिनाभर पलटे (सुरांचे ठरावीक क्रम) घोकूनही होत नाही.

फोनच्या स्पीकरमधून खर्ज, म्हणजे तंबोऱ्याचा सगळ्यात खालचा सा, जवळजवळ येतच नाही. तारेने जोडायचा साधा छोटा स्पीकर घरात असेल तर तो लावायला सांगा.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. गायलेला सूर पडद्यावर काट्याने दाखवणारी, बरोबर असेल तर हिरवी आणि चुकला तर लाल होणारी ॲप लहान मुलांच्या हातात देऊ नका. पालकांना ती फार आवडतात, कारण संगीत न कळणाऱ्यालाही मूल बरोबर गातंय की नाही ते कळल्यासारखं वाटतं. माझ्याकडे एक मुलगा होता, गंधार (ग) इतका गोड लावायचा की मी बाकीच्यांना तो ऐकायला थांबवायची. सुट्टीत त्याने असं एक ॲप घेतलं. तीन आठवड्यांनी आला तेव्हा गंधार चढलेला. मी म्हटलं, अरे, काय केलंस? तर म्हणाला, ‘बाई, आधीचा लाल दाखवत होता.’

ॲप खोटं बोलत नव्हतं, ते वेगळा गंधार मोजत होतं. सप्तकाचे 1200 बारीक भाग केले तर त्यांना सेंट म्हणतात. पेटी आणि हे बहुतेक ट्यूनर सप्तकाचे 12 सारखे तुकडे करतात, म्हणून त्यांचा शुद्ध गंधार सा पासून 400 सेंटवर येतो. पण तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून आपोआप जो गंधार उमटतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तो येतो 386 वर. 14 सेंटचा फरक. कान तंबोऱ्यावर घडलेला असेल तर गळा आपसूक त्या 386 कडे जातो, आणि तिथे गेला की काटा म्हणतो उतरलास. धैवताचं तसंच: तंबोऱ्याशी मिळणारा 884 च्या आसपास, ट्यूनरचा 900. निषाद 1088 आणि 1100. कोमल गंधार उलट, 316 ला गोड लागतो आणि ट्यूनर 300 मागतो. पंचमात मात्र दोनच सेंटचा फरक, म्हणून तंबोरा जुळवताना सा-प तपासायला ट्यूनर चालतो. गळा तपासायला नाही. त्या मुलाचा गंधार परत जागेवर यायला पाऊस संपून दिवाळी आली. पेटी बंद ठेवली, फक्त तंबोरा, आणि रोज सा वरून ग वर जाऊन थांबायचं, एवढंच.

मग मूल बरोबर गातंय हे घरी कळायचं कसं? फोनमध्ये आधीपासून असलेल्या साध्या रेकॉर्डरने. यासाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही. माझ्याकडची पद्धत अशी. मूल रोज वीसेक मिनिटं बसतं. आधी दोन-तीन मिनिटं डोळे मिटून नुसता तंबोरा ऐकायचा, गायचं नाही. मग सा, मग अलंकार, सेकंदाला एक सूर या लयीत, मग चालू असलेली बंदिश. शेवटी दोनच मिनिटं रेकॉर्ड करायची आणि लगेच ऐकायची. तंबोरा दुसऱ्या फोनवर किंवा स्पीकरवर, रेकॉर्ड करणारा फोन तोंडापासून हातभर लांब. आठवड्यातून दोनदा ते रेकॉर्डिंग मला व्हॉट्सॲपवर येतं, पण नुसतं नाही. सोबत मुलाने स्वतः लिहायचं, की कुठे बिघडलं असं त्याला वाटलं. ‘अंतऱ्यात वरचा सा पोचला नाही.’ ‘दुसऱ्या ओळीत घाई झाली.’ हे वाक्य नसेल तर मी रेकॉर्डिंग ऐकतच नाही. पहिले काही आठवडे ‘छान झालं’ एवढंच येतं, किंवा ‘बाई, तुम्हीच सांगा’. थांबा, सांगू नका. महिन्या-दोन महिन्यांत मुलं इतकी नेमकी चूक पकडायला लागतात की मला उत्तरात फक्त तेवढी जागा गाऊन पाठवावी लागते, वीस सेकंदांची. तुमची 14 मुलं, प्रत्येकाची दोन मिनिटं, म्हणजे एका खेपेला अर्धा तास. जमण्यासारखं आहे.

एका मुलीची आई मला म्हणाली होती, ‘बाई, चेडू मोबाईल घेवन बसता, पन गाता काय रील बघता ता आमका कसा कळतला?’ प्रश्न रास्त होता. रियाजाला बसताना फोन विमान मोडवर टाकायचा, हा नियम मी तेव्हापासून केला. तंबोरा चालतो, रेकॉर्डर चालतो, बाकी सगळं बंद. घरात जुना, सिम काढलेला फोन पडून असेल तर तोच रियाजाचा करून टाका. एकच फोन असेल आणि तो वडिलांबरोबर बोटीवर किंवा कामावर जात असेल, तर रियाजाची वेळ ते घरी आल्यानंतरची ठरवा. मुलाला शिक्षा नको.

तबल्याच्या ॲपबद्दल थोडक्यात. सा ला जरा स्थिरता येईपर्यंत मी ते सुरू करत नाही, आणि सुरू केलं की त्रिताल, दादरा, केरवा पुरे. गाण्याआधी हाताने टाळी-खाली दाखवत चार आवर्तनं ऐकायला लावा, नाहीतर मूल मात्रा न मोजता सम आल्यावर दचकतं. यंत्र थांबत नाही, समजूनही घेत नाही, म्हणून आठवड्यातला एक दिवस तबल्याविना, नुसत्या हाताच्या तालावर गाऊ द्या. ज्यांच्या वाडीत भजन मंडळ आहे त्या मुलांना तिथे झांज वाजवायला बसवा. पखवाजाशेजारी तासभर बसून जी लय अंगात मुरते ती कुठल्या ॲपमधून येत नाही. डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, ऐकत वाढलेली माझी मुलं तालात कधी अडली नाहीत.

व्हिडिओ कॉलवर शिकवायचा विचार असेल तर फक्त मुलाने गायचं, तुम्ही ऐकायचं, मग तुम्ही, मग मूल. दोघांनी एकत्र गाऊ नका. आवाज पोचायला लागणाऱ्या वेळात लय मोडते. आणि कॉलची यंत्रणा तंबोऱ्याच्या एकसारख्या सुराला गोंगाट समजून कापते. झूममध्ये मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायची सोय आहे, ती चालू करा. तंबोरा मात्र मुलाच्या घरी वाजू दे.

बारा-तेराच्या पुढच्या मुलग्यांवर विशेष लक्ष ठेवा. आवाज फुटायला लागला की महिन्यापूर्वीची पट्टी त्यांना झेपत नाही आणि लाजेने ते तसं सांगत नाहीत, रेकॉर्डिंग यायचं बंद होतं एवढंच. दर महिन्याला पट्टी पुन्हा बघा, गरज पडेल तशी उतरवा. त्या काळात रेकॉर्डिंग मागू नका, नुसतं ऐकणं आणि हळू आवाजात मंद्र-मध्य (खालचं आणि मधलं सप्तक) पुरे.

सुरुवात करायची तर येत्या शनिवारी मुलांना घरचा फोन घेऊन बोलवा. त्या दिवशी नवीन काही शिकवू नका. एकेकाला जवळ बसवून पट्टी लावा आणि कागदाच्या चिठ्ठीवर लिहून फोनच्या कव्हरमागे चिकटवा: काळी पाच, पहिली तार पंचम, लय 60. पुढच्या शनिवारी पहिल्यांदा ती चिठ्ठी बघा, जागेवर आहे का.