टेक्सासची वीज: १६ अब्ज डॉलरची ‘चूक’ आणि न मिळालेले पैसे

प्रश्न: आम्ही ह्यूस्टनजवळ राहतो. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत आमचे लाइट गेले होते, मग बातम्यांत आलं की घाऊक बाजारात विजेचे १६ अब्ज डॉलर चुकीने जास्त लागले. चूक होती तर पैसे परत का नाही दिले?
– एक वाचिका, टेक्सास

उत्तर: ताई, चूक म्हटलं की वाटतं कॉम्प्युटरने आकडा चुकवला, पण इथे उलटं झालं. टेक्सासची ग्रिड सांभाळते एरकॉट, तिथला दर ठरवताना राखीव वीज किती शिल्लक आहे ते बघतात, आणि १५ फेब्रुवारीला जबरदस्तीचं लोडशेडिंग सुरू झाल्यावर लाखो घरांची मागणीच हिशोबातून गेली त्यामुळे सिस्टिमला वाटलं टंचाई तितकीशी नाही, दर १,२०० डॉलर प्रति मेगावॉट-तासापर्यंत खाली आला. लोक गारठतायत आणि दर उतरतोय, म्हणून पब्लिक युटिलिटी कमिशनने (राज्याचं वीज नियामक मंडळ) आदेश काढला की लोडशेडिंग चालू असेपर्यंत कमाल दरच धरा, ९,००० डॉलर, म्हणजे युनिटला ९ डॉलर. इथपर्यंत मला तरी ते पटतं.

खरा वाद पुढचा आहे. लोडशेडिंग १७ तारखेला मध्यरात्रीच्या सुमारास थांबलं, पण दर १९ च्या सकाळी ९ पर्यंत तिथेच ठेवला, जवळजवळ ३३ तास! बाजारावर नजर ठेवणाऱ्या पोटोमॅक इकॉनॉमिक्सने मार्चमध्ये लिहून कळवलं की हे चूक आहे, दुरुस्त करा. १६ अब्ज हा आकडा त्यांचाच, पण तो ढोबळ होता, बऱ्याच कंपन्या एकीकडे वीज विकतात आणि दुसरीकडे विकत घेतात, ती वजावट केल्यावर चार-पाच अब्जांच्या आसपास उरले. तेही काय कमी आहेत?

कमिशनने नकार दिला. त्यांचं म्हणणं, त्या दराच्या भरवशावर सौदे झालेत, आता बदलला तर कोणाचं भलं आणि कोणाचं नुकसान होईल ते सांगता येणार नाही. टेक्सासच्या विधिमंडळात सिनेटने दर दुरुस्तीचं बिल पास केलं, हाऊसमध्ये ते अडकलं. ब्राझोस इलेक्ट्रिक नावाची मोठी वीज सहकारी संस्था तर त्या आठवड्याची बिलं न झेपल्याने १ मार्चलाच दिवाळखोरीत गेली होती. मग कोर्टकचेरी, २०२३ मध्ये अपील कोर्ट म्हणालं कमिशनने अधिकार ओलांडला, जून २०२४ मध्ये टेक्सास सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं. माझ्या मते ते ३३ तास चुकीचेच होते, कोर्टाने अधिकार होता एवढंच सांगितलं, दर योग्य होता असं नाही.

तुमचा प्लॅन तेव्हा फिक्स्ड असेल तर तो दर थेट तुमच्यापर्यंत आला नसणार. पण त्या आठवड्याच्या खर्चाचा काही भाग कर्जरोखे काढून फेडलाय आणि तो हळूहळू ग्राहकांकडूनच वसूल होतोय, त्यामुळे बिलातले छोटे चार्जेस नीट वाचा. आणि घाऊक दराला थेट जोडलेले प्लॅन घरगुती ग्राहकांना विकायला २०२१ च्या कायद्याने बंदी आहे, कोणी तसं काही ऑफर केलं तर सरळ कमिशनकडे तक्रार करा.