रिलीजच्या आठवड्यात तपासायचं तरी किती?

प्रश्न: आमची सात जणांची टीम पतसंस्थांसाठी वेबसाइट आणि मोबाइल ॲप बनवते. ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे दिव्यांगांनाही ते वापरता येतं का याची, तपासणी रिलीजच्या आठवड्यात होते. गेल्या वेळी १३० दोष निघाले, जेमतेम वीस दुरुस्त झाले. बाकीचे ‘पुढच्या व्हर्जनला बघू’ म्हणून पडून आहेत. साहेब म्हणतात, एवढा वेळ आणायचा कुठून? हे रोजच्या कामात कसं बसवायचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: तुमचं पत्र माझ्या फोनने मला वाचून दाखवलं. मला दिसत नाही. गेली अकरा वर्षं मी पुण्यात स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरून सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, त्यामुळे तुमच्या यादीत काय काय असेल याचा मला अंदाज आहे.

गेल्या महिन्यात एका वेबसाइटवर वीजबिल भरायला बसले. टॅब दाबला, कानात ‘बटन’. पुन्हा टॅब, ‘बटन’. पुन्हा ‘बटन’. तीन बटनं, तिन्हींवर नुसती चित्रं, नाव एकालाही नाही. अंदाजाने मधलं दाबलं आणि भरलेला फॉर्म पुसला गेला. दुसऱ्यांदा भरला. ओटीपी टाकला, तर पुढे काहीच होईना. ओटीपी चुकल्याचं लाल अक्षरांत आलं होतं, हे नंतर शेजारच्या मुलीने सांगितलं. कानावर काहीच पडलं नव्हतं. शेवटी नवा ओटीपी मागवून फोन तिच्याच हातात द्यावा लागला. आपला ओटीपी दुसऱ्याला सांगायची वेळ येणं म्हणजे काय, हे पतसंस्थांचं काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

यातला एकही दोष अवघड नव्हता. बटनाला नाव देणं एका ओळीचं काम. चूक झाल्याचा संदेश स्क्रीन रीडरने आपणहून वाचावा, म्हणून त्या जागेला खूण लावणंही तेवढंच. ज्याने ती स्क्रीन लिहिली, त्याला त्याच दुपारी पाच मिनिटं लागली असती. तीन महिन्यांनी तेच तिकीट, म्हणजे त्या दोषाची नोंद, दुसऱ्या कुणाकडे जातं, त्याला तो कोड आधी समजून घ्यावा लागतो, मग सगळं टेस्टिंग पुन्हा. साहेबांसमोर वेळेचा हिशेब मांडायचा तो असा.

आता यादी उघडा आणि दोष स्क्रीनप्रमाणे न लावता कंपोनंटप्रमाणे, म्हणजे अनेक स्क्रीनवर वापरल्या जाणाऱ्या एकेका भागाप्रमाणे लावा. शंभर तिकिटांच्या मुळाशी पाच-सात कंपोनंटच निघतात, असा माझा अनुभव आहे. तारीख निवडायची चौकट, ड्रॉपडाउन, चित्राचं बटन. ते मुळात दुरुस्त केले की तिकिटांचे गठ्ठेच्या गठ्ठे बंद होतात.

ॲक्स-कोअर हे असे दोष आपोआप शोधणारं टूल फुकट मिळतं, ते बिल्डमध्ये, म्हणजे कोडपासून ॲप तयार होण्याच्या टप्प्यात बसवा. आजचे दोष नोंदवून ठेवा आणि त्यात एकाची जरी भर पडली तरी बिल्ड अडवा. पहिल्याच दिवशी सगळ्या जुन्या दोषांसाठी अडवू नका. तसं केलेल्या दोन टीम मी पाहिल्या, दोन्हीकडे कुणीतरी वैतागून तपासणीच बंद करून टाकली. शिवाय यंत्राला चित्राचं वर्णन आहे की नाही एवढंच कळतं. वर्णनाच्या जागी ‘आयएमजी २०४३’ असलं, तरी ते पास करतं.

म्हणून कोड रिव्ह्यूला, म्हणजे सहकाऱ्याकडे तपासायला, देण्याआधी माउस बाजूला ठेवायचा आणि टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस एवढ्यावर काम पुरं होतंय का ते बघायचं. मग मॉनिटर बंद करून तेच काम एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर. विंडोजसाठी ते फुकट आहे, आणि बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असतोच. हे टेस्टरवर ढकलू नका, ज्याने लिहिलं त्यानेच करायचं. कानाने ‘बटन, बटन, बटन’ ऐकलेला डेव्हलपर पुढच्या वेळी नाव द्यायला विसरत नाही.

रंगांचं डिझायनरकडेच मिटवा. डब्ल्यूसीएजी या ॲक्सेसिबिलिटीच्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि पार्श्वभूमीतला उजेडाचा फरक) लागतो.

तुमच्या साइट मराठीत असतील, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. पानाच्या कोडमध्ये भाषा ‘एमआर’ (mr, म्हणजे मराठी) लिहिली आहे का, ते आजच बघा. टेम्प्लेटमधली इंग्रजी तशीच राहते आणि मग इंग्रजी आवाज ‘शिल्लक रक्कम’ वाचायला जातो. कधी शब्द गाळतो, कधी अक्षरं तोडतो. मराठी साइटवर मला सगळ्यात जास्त अडवलंय ते या एका चुकीने.

साहेबांना कायद्याचंही सांगा. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. प्रकरण केवायसीचंच होतं. कॅमेरा डोळे मिचकवायला सांगतो, आणि ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या कितीतरी जणांना ते शक्यच नसतं. तुमच्या ॲपमधली केवायसी काय मागते, ते तपासा.

आणि लॉगिन, शिल्लक, पैसे पाठवणं एवढं तयार झालं की त्याच आठवड्यात, न दिसणाऱ्या एखाद्या सभासदाला बोलवा. मानधन द्या. त्यांच्याच फोनवरून शंभर रुपये पाठवायला सांगा. अडले तरी मध्ये बोलू नका, बोट धरून दाखवू नका. कुठे थांबले आणि तेव्हा फोन काय बोलत होता, ते लिहून घ्या.