गणित सोडू देऊ नका, कर्जही काढू नका

प्रश्न : तासगावात माझं फ्लेक्स आणि छपाईचं दुकान आहे. सतरा वर्षं कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर काम करतोय. मुलगी अकरावी सायन्सला आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला तिला 'ए' ग्रेड होती. दुकानात बसून ती कोरल शिकली, आता स्वतःच कोड लिहिते. तिने पडद्यावर पाऊस पाडलाय, माउस जवळ नेला की थेंब बाजूला सरकतात. गणिताला ती कंटाळली आहे. तिला सायन्स सोडून आर्ट्स घ्यायचं आहे आणि बारावीनंतर पुण्यात थ्रीडी ॲनिमेशनचा डिप्लोमा करायचा आहे. फी अडीच लाख, आत्ता नाव नोंदवलं तर थोडी सवलत. नोकरीची हमी देतात. कर्ज काढायची माझी तयारी आहे. पण शेवटी हे माझ्यासारखंच काम निघालं तर? मला तिला दुकानात बसवायचं नाही.

उत्तर :

नमस्कार दादा,

'माझ्यासारखंच काम' हे शब्द तुम्ही ज्या सुरात लिहिलेत तो मला पटला नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

बेदाण्याच्या बॉक्सवर द्राक्षाचा घड काढायचा असतो तेव्हा तुम्ही काय करता? फोटो खाली ठेवता, शेप टूल घेता, नोड म्हणजे वळणाचे बिंदू टाकता आणि नोडच्या दोन्ही बाजूंच्या दांड्या ओढून वळण बसवता. त्या वळणाला बेझिए कर्व्ह म्हणतात. पिएर बेझिए हे रेनॉ या फ्रेंच मोटार कंपनीतले इंजिनिअर. गाडीच्या पत्र्याची वळणं संगणकाला कळावीत म्हणून १९६० च्या दशकात त्यांनी ही पद्धत रुळवली. सित्रोएन कंपनीतल्या पॉल द कास्तेलजो यांना ती १९५९ मध्येच सापडली होती, पण कंपनीने ती गुपित ठेवली, म्हणून नाव बेझिए यांचं राहिलं. तुमच्या दुकानातल्या फॉन्टमधलं प्रत्येक अक्षर अशाच वळणांचं बनलेलं असतं. आणि तुमच्या लेकीला जे थ्रीडी ॲनिमेशन शिकायचंय, त्यात चेंडू कुठे सावकाश वर जाईल आणि कुठे झपकन खाली येईल हेही याच वळणाने ठरवतात. तोच नोड, तीच दांडी. कोरलमध्ये ती आकार ठरवते, ॲनिमेशनमध्ये वेळ ठरवते. ज्या पोरीने लहानपणापासून वडिलांच्या शेजारी बसून नोड कमीत कमी ठेवायची सवय लावून घेतली, ती या कामात बरीच पुढून सुरुवात करते आहे.

आता गणिताकडे येते. दोन नोड आणि दोन दांड्यांची टोकं, असे चार बिंदू झाले. वळणावरचा प्रत्येक ठिपका या चौघांना कमीजास्त वजन देऊन ठरतो, आणि त्या वजनांतले आकडे आहेत १, ३, ३, १. (अ + ब) चा घन करताना शाळेत पाठ केलेले तेच आकडे. अकरावीत हेच द्विपद प्रमेय म्हणून पुन्हा येतं. तिच्या पावसाचंही तसंच आहे. माउस आणि थेंब यांच्यातलं अंतर काढायला दहावीचं अंतराचं सूत्र लागतं आणि थेंबाने कोणत्या दिशेला सरकायचं हे सदिश (व्हेक्टर) सांगतो. थ्रीडीत रथाचं चाक फिरवायचं तर सारणी (मॅट्रिक्स) आणि त्रिकोणमिती लागते. ज्या विषयाला ती कंटाळली आहे, तो विषय ती रोज संध्याकाळी दुकानात आवडीने वापरते आहे. तिला हे कुणी सांगितलेलं नसावं. वर्गात गणित ज्या पद्धतीने पुढे ढकललं जातं त्यात हे सांगायला वेळच उरत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून माझं स्पष्ट मत : बारावीपर्यंत गणित सोडू देऊ नका. फिजिक्स-केमिस्ट्री अगदीच जड जात असेल तर आर्ट्सला जाऊनही गणित घेता येतं का, हे कॉलेजात विचारा. पण निभत असेल तर सायन्सच राहू द्या, कारण त्यात इंजिनिअरिंगचा रस्ताही उघडा राहतो. आजची तिची आवड पुढे चित्राकडे जास्त झुकेल की कोडकडे, हे सोळाव्या वर्षी तिला किंवा मला ठरवता येणार नाही.

डिप्लोमाबद्दल. काही वर्षांपूर्वी मिरजेचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. हात उत्तम, वडिलांनी शेत गहाण टाकून त्याला अशाच एका हमीच्या कोर्सला घातलेलं. नोकरी मिळाली, हमी खोटी नव्हती. काम होतं रोटोचं : चित्रपटातल्या माणसाच्या कडेने बिंदू टाकून त्याला मागच्या दृश्यापासून सुटा करायचं, प्रत्येक फ्रेममध्ये. एका सेकंदाला २४ फ्रेम. रात्रपाळी, कंत्राट, आणि पगारात मुंबईतली खोली परवडेना. वाईट काम मी म्हणणार नाही, पण ते शिकायला कर्ज लागत नाही, आणि आज नेमकं हेच काम एआयची साधनं सगळ्यात आधी करू लागली आहेत. शिवाय या धंद्याची मंदी जगाच्या दुसऱ्या टोकाकडून येते. २०२३ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांनी आणि नटांनी संप केला, त्याची झळ भारतातल्या स्टुडिओंना बसली. कोर्सच्या माहितीपत्रकात हे छापलेलं नसतं.

तुम्ही विचाराल, मग शिकायचं कुठे? दुकानातच, निदान बारावीपर्यंत.

तिचा पाऊस मला वाटतं पी-फाइव्ह-जेएस या कोडने चित्रं काढायच्या साधनात केलेला असावा. ते फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, तुमच्या जुन्या संगणकावरही चालेल. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत केसी रीस आणि बेन फ्राय यांनी चित्रकारांसाठी 'प्रोसेसिंग' नावाची भाषा सुरू केली, पी-फाइव्ह हे त्या भाषेचं धाकटं भावंड. थ्रीडीसाठी ब्लेंडर, तेही फुकट आणि मुक्त स्रोत. त्याला किमान ८ जीबी रॅम लागते. मोठी दृश्यं अडखळतील, पण शिकण्यापुरतं चालेल. फुकट म्हणजे हलकं अशी शंका मनात आली असेल तर एवढंच सांगते : २०२५ साली ॲनिमेशनपटाचं ऑस्कर लाटवियासारख्या छोट्या देशातल्या ज्या चित्रपटाला मिळालं, तो ब्लेंडरमध्ये केलेला आहे. वाचलेल्या पैशांतून आधी रॅम वाढवा आणि तिला एक साधा पेन टॅबलेट घेऊन द्या.

एक धोका मात्र आहे. व्हिडिओ बघून बघून मुलं दुसऱ्याचाच डोनट, दुसऱ्याचाच रोबो करत बसतात आणि वर्ष निघून जातं. तिला तासगावातलं काहीतरी करायला लावा. मला सुचतो तो ऋषिपंचमीला लोक दोरांनी ओढतात तो गणपतीचा रथ. पडद्यावर रथ आणि पुढे दोर. दोर बोटाने ओढला की रथ सरकायला हवा. हे ऐकायला सोपं वाटतं. करून बघितलं की कळतं, बोट हललं तसा रथ लगेच हलला तर तो पुठ्ठ्याचा वाटतो. थोडा उशिरा, आधी दोर ताणून, मग एक हिसका घेऊन चाकं फिरली तरच वजन जाणवतं. एकट्याच्या बोटाने तो हलूच नये, चार फोनवरून चौघांनी मिळून ओढला तरच हलावा, असंही करता येईल. ते जोडायला तिला नव्याने काही शिकावं लागेल, शिकू दे. इंटरॲक्टिव्ह माध्यम म्हणतात ते हेच. बघणाऱ्याच्या हाताला चित्राने काय उत्तर द्यायचं, किती वेळात आणि किती जोराने, हे ठरवण्यात खरं कौशल्य आहे. आणि ते ठरवायला तिने रथ प्रत्यक्ष बघितलेला असणं उपयोगी पडतं. गर्दीत उभं राहून तिने वहीत रेखाटनं करावीत, दोर ओढणाऱ्यांचे पाय कसे रोवले जातात ते बघावं.

सांगलीत नाटकवाल्यांशी ओळख असेल तर तीही वापरा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' केलं ते याच गावात, आणि त्यांनी कळसूत्री बाहुल्याही केल्या होत्या. थ्रीडीतल्या पात्राच्या आत हाडं बसवून ती हलवण्याची कला बाहुलीच्या दोऱ्यांच्या फार जवळची आहे. हौशी संघाला मागच्या पडद्यावर हलतं दृश्य हवंच असतं. एका प्रयोगासाठी काम केलं की वेळेवर, दुसऱ्याच्या मागणीप्रमाणे काम देणं तिला कळेल. हे शिक्षण तुमच्या दुकानात तिला आधीच मिळालंय, लग्नसराईत एका रात्रीत बॅनर द्यावे लागतात तेव्हा.

बारावीनंतरचे रस्ते. आयआयटी मुंबई 'यूसीड' ही परीक्षा घेते, साधारण जानेवारीत. त्यावर आयआयटी मुंबईसह काही संस्थांत बी.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदवीला, प्रवेश मिळतो. परीक्षेला शाखेची अट नाही, पण प्रवेशाच्या वेळी संस्थांच्या अटी वेगळ्या असू शकतात, माहितीपुस्तिका पूर्ण वाचा. ही परीक्षा सलग दोनच वर्षं देता येते, तेव्हा पहिला प्रयत्न नुसता अनुभवासाठी वाया घालवू नका. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची स्वतंत्र परीक्षा आहे. महाराष्ट्रात उपयोजित कलेच्या (ॲप्लाइड आर्ट) बीएफए या पदवीसाठी राज्याची कला सीईटी आहे. आणि कोडकडे ओढा राहिला तर एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देऊन कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. या सगळ्या जागा कमी आहेत, स्पर्धा मोठी आहे, हे तिला खरं खरं सांगा. डिझाइनच्या परीक्षांत हाताने कागदावर काढावंच लागतं, त्यामुळे कोडच्या नादात रोजचं रेखाटन सुटता कामा नये.

यातलं काहीच जमलं नाही तर तो डिप्लोमा दोन वर्षांनीही तिथेच असेल. 'सवलत या महिन्यापुरतीच' हे तुम्ही स्वतः गिऱ्हाइकांच्या बॅनरवर कितीदा छापलंय, आठवून बघा.

एक विनंती. दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन सांगलीत विश्रामबागला माझ्याकडे या. येताना तिचा पाऊस आणा, रेखाटनाची वही आणा, खाडाखोड असलेलीच. आणि तुम्ही हाताने नोड टाकून केलेली एखादी बेदाण्याच्या बॉक्सची फाइलही पेन ड्राइव्हवर घेऊन या. ती उघडून त्यातलं एक वळण तिला गणिताने काढायला सांगायचंय, तुमच्यासमोर.