ग्लासगोमध्ये कॅथलिक शाळा सरकारी पैशावर कशा काय चालतात?

हे सगळं स्कॉटलंडच्या १९१८ च्या शिक्षण कायद्यामुळे. त्याआधी १८७२ ला स्कॉटलंडमध्ये शिक्षण सक्तीचं झालं, स्कूल बोर्डं (शाळा चालवणारी स्थानिक मंडळं) आली आणि प्रेस्बिटेरियन (तिथला मुख्य प्रोटेस्टंट पंथ) चर्चवाल्यांनी आपल्या बऱ्याचशा शाळा बोर्डांकडे देऊन टाकल्या. त्यांचं काय जाणार होतं म्हणा, बोर्डाच्या शाळेत धर्म त्यांचाच शिकवला जायचा! पण ग्लासगोत १८४० च्या दशकात बटाट्याचं पीक बुडून पडलेल्या दुष्काळानंतर आयर्लंडहून आलेले गरीब कॅथलिक खूप होते, त्यांच्या पाद्र्यांना हे पटेना, म्हणून ते बाहेरच राहिले आणि वर्गणी गोळा करून, नन आणि कमी पगाराचे मास्तर यांच्या जिवावर शाळा ओढत राहिले, शिवाय बोर्डाच्या शाळांसाठीचा टॅक्स भरावा लागायचा तो वेगळाच. म्हणजे डबल खर्च. शेवटी १९१८ ला सरकारने या शाळा ताब्यात घ्यायची सोय केली, पगार सरकारी, पण शिक्षकाची श्रद्धा आणि चारित्र्य यावर चर्चची मान्यता लागणार अशी अट. ती अट आजही आहे, त्यावरून तिकडे अजून वाद होतात. माझ्या मते डील चर्चच्याच फायद्याचं झालं.