चिनी निसर्गचित्रात ‘खरं’ म्हणजे नेमकं काय? हुबेहूब काढलेलं ते खरं का?

नाही, आणि या नकाराची फार सुंदर मांडणी दहाव्या शतकात जिंग हाओ या चित्रकाराने केली आहे. तो ताइहांग डोंगरात राहायचा. त्याच्या ‘बीफा-जी’ या छोट्या ग्रंथात एक तरुण चित्रकार आणि डोंगरात भेटलेला म्हातारा यांचा संवाद आहे. तरुण म्हणतो, साम्य साधलं की सत्य आलंच. म्हातारा त्याला तिथेच अडवतो: साम्यात आकार सापडतो, पण ‘ची’ निसटते, सत्यात ‘ची’ आणि वस्तूचं मूळ द्रव्य दोन्ही भरभरून असतात. ‘ची’ म्हणजे वस्तूतला प्राण, असं ढोबळपणे समजा.

मला सर्वांत पटतो तो त्याचा दोषविचार. झाड डोंगरापेक्षा उंच, घर माणसापेक्षा लहान, फुलं भलत्याच ऋतूत, हे दिसणारे दोष. पण सगळं जागच्या जागी असूनही चित्र निर्जीव असेल, तर तो न दिसणारा दोष, आणि त्याला दुरुस्ती नाही.

मात्र याचा अर्थ ‘निरीक्षण नको, भावना पुरे’ असा कुणी घेऊ नये. त्याच ग्रंथातला तरुण जुन्या पाइन वृक्षांची हजारो चित्रं काढतो, तेव्हा कुठे ती खरी वाटू लागतात. देवदार वेगळा, पाइन वेगळा. प्रत्येकाचा वाढायचा स्वभाव हाताला कळेपर्यंत बघत राहायचं. फान क्वान या चिनी चित्रकाराचं ‘डोंगर-ओढ्यांमधले प्रवासी’ हे तैपेईच्या संग्रहालयातलं चित्र बघा: दोन मीटर उंच रेशमावर कडा अक्षरशः अंगावर येतो, आणि खाली खेचरांचा तांडा मुंगीएवढा.