नातवाच्या गेमबरोबर लॅपटॉपमध्ये काय शिरलं?

प्रश्न : ताई, मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक, मुक्काम सेलू. घरी विंडोज ११ चा लॅपटॉप आहे. दिवाळीच्या सुट्टीत नातवाने त्यावर कुठलासा गेम फुकटात उतरवून घेतला. तेव्हापासून ब्राउझर उघडला की भलतंच पान समोर येतं आणि उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे' अशा पाट्या सारख्या झळकतात. पेन्शन जमा झाली का, ते मी याच लॅपटॉपवर बघतो. माझा पासवर्ड कुणी वाचत असेल का? ओळखीचा दुकानदार म्हणतो, "फॉरमॅट मारू, अँटिव्हायरस फुकटात टाकून देतो." मी यात अगदी नवखा आहे. काय करू?

उत्तर : गुरुजी, तुमची शंका रास्त आहे. स्पायवेअर म्हणजे हेरगिरी करणारे प्रोग्राम. त्यांतले काही आपण दाबलेली कळ न् कळ टिपून घेतात, तर काही ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड एकगठ्ठा उचलतात. तुमच्याकडे यातलं काही आलंच असेल असं नाही, पण आलंय असं धरूनच चला.

पासवर्ड आजच बदला, मात्र त्या लॅपटॉपवरून नको. घाबरलेला माणूस नेमकं तेच करतो आणि नवा पासवर्डही चोराला आयता मिळतो. मोबाईलवरून बदला. आधी ईमेलचा, मग बँकेचा. कारण 'पासवर्ड विसरलो' म्हटलं की पुष्कळ ठिकाणी नवीन ठरवायची लिंक ईमेलवरच येते. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात तुमची उपकरणं दिसतात. तिथून हा लॅपटॉप आणि ओळखीचं नसलेलं प्रत्येक उपकरण साइन आउट करा. काही प्रोग्राम पासवर्डला हात न लावता आपलं चालू लॉगिनच पळवतात, म्हणून हे करायचं. मग पासबुक भरून आणा. काही परस्पर गेलेलं दिसलं तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. लवकर कळवलं तर पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता असते.

आता कोपऱ्यातल्या पाट्या. त्या बहुतेक वेळा व्हायरसच्या नसतातच. कुठल्यातरी साइटने 'सूचना पाठवू का?' विचारलं आणि कुणीतरी 'अलाऊ' दाबलं, एवढीच भानगड असते. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे साइट सेटिंग्ज, तिथे नोटिफिकेशन्स. अनोळखी साइट दिसतील त्या काढून टाका. एक्स्टेन्शन्सच्या, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांच्या यादीतूनही अनोळखी असेल ते काढा. पाटीवर फोन नंबर दिला असेल तर तो लावू नका. पलीकडचा माणूस 'मदत करतो' म्हणून लॅपटॉपचा ताबा मागेल.

गेमचं प्रकरण मात्र गंभीर आहे. परभणीत आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या अशा लॅपटॉपांत मला एकच चाल पुन्हा पुन्हा दिसते. क्रॅक केलेली, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेली फाइल पासवर्ड घातलेल्या झिपमध्ये (फाइलींच्या बंद गाठोड्यात) असते, पासवर्ड शेजारीच लिहिलेला असतो आणि खाली सूचना असते : 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' झिपला पासवर्ड एवढ्यासाठी, की अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये. नातवाला विचारा, त्याने असं काही केलं होतं का. रागावून विचारू नका, नाहीतर पोरगं खरं सांगायचं नाही आणि आपल्याला तर खरं तेच हवंय.

सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीत इन्स्टॉलच्या तारखेप्रमाणे क्रम लावा आणि त्या दिवशी आलेलं सगळं काढा. मग विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जा. मॅनेज सेटिंग्जमध्ये रिअल-टाइम प्रोटेक्शन चालू आहे का बघा. त्याच पानावर खाली 'एक्स्क्लूजन्स' आहे. तिकडे सहसा कुणी फिरकत नाही. 'ही जागा तपासू नको' अशी यादी तिथे असते आणि हे प्रोग्राम गुपचूप स्वतःचं नाव तिथे घालून ठेवतात. तुम्ही स्वतः तिथे काही घातलेलं नसणार, म्हणून यादी रिकामी करा. मग स्कॅन ऑप्शन्समधून डिफेंडरचा, म्हणजे विंडोजमधल्याच अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन लावा. उघड्या फाइल आधी सेव्ह करा, कारण लॅपटॉप बंद होऊन परत सुरू होतो. विंडोज पुरतं सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे दडून बसलेल्याला लपायला जागा राहत नाही.

एवढं करूनही पुन्हा तेच दिसलं, तर दुकानदाराचं बरोबर आहे, फॉरमॅट करा, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाका. आधी फोटो आणि कागदपत्रं काढून घ्या. फक्त त्याला बजावा, विंडोज अस्सलच टाक. लॅपटॉप विंडोजसह घेतला असेल तर परवाना त्या यंत्राशी जोडलेला असतो, वेगळे पैसे पडत नाहीत. क्रॅक केलेलं विंडोज टाकलं तर होतो तिथेच परत आलो. फुकटच्या अँटिव्हायरसची गरज नाही, घरगुती वापराला डिफेंडर पुरतो. (विंडोज १० वापरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, त्याचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले.)

साफसफाई झाली की नातवासाठी वेगळं खातं काढा, 'स्टँडर्ड' प्रकारचं. आणि गुरुजी, तुमच्या रोजच्या वापरालाही स्टँडर्ड खातंच ठेवा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं म्हणजे घरातल्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा. भाजी आणायला जाताना तो कुणी सोबत नेत नाही. स्टँडर्ड खात्यातून संगणकात मोठा बदल करू पाहणारा प्रोग्राम आला की अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला जातो. तो फक्त तुम्हाला माहीत असू द्या. मात्र काही प्रोग्राम या परवानगीवाचूनही चालतात, म्हणून क्रॅकची बंदी सर्वांनाच.

झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणलेला पेनड्राइव्हही बघून उघडा. तुमच्या फोल्डरच्या चित्रावर खालच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसला, तर तो फोल्डर नसून शॉर्टकट, म्हणजे दुसरंच काही उघडणारी खूण असते. त्यावर क्लिक न करता आधी पेनड्राइव्ह स्कॅन करा.

अ‍ॅप्सच्या यादीतलं एखादं नाव ओळखू आलं नाही तर काढण्याआधी पडद्याचा फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मी बघून सांगेन. पासवर्ड मात्र मलाही कळवू नका.