जास्त मतं मिळूनही पक्ष हरतो, हे मतदारसंघांच्या सीमांमुळे कसं होतं? नाशकात असं होऊ शकतं का?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचं उदाहरण घ्या. २०१८ साली तिथल्या असेंब्लीला (म्हणजे तिथल्या विधानसभेला) डेमोक्रॅटिक पक्षाला ५३ टक्के मतं होती, पण ९९पैकी जागा ३६. (५३चा आकडा थोडा फुगलेला आहे, बऱ्याच ठिकाणी त्यांच्यासमोर उमेदवारच नव्हता. तरी ३६ म्हणजे फारच कमी.) त्याच दिवशी गव्हर्नरपद मात्र डेमोक्रॅट टोनी एव्हर्स यांनी जिंकलं. त्या पदाला अख्खं राज्य हाच एक मतदारसंघ, तिथे रेघ कुठे ओढणार?

मेख होती २०११च्या नकाशात. तो सभागृहात बहुमत असलेल्या रिपब्लिकनांनीच, म्हणजे डेमोक्रॅटांच्या विरोधी पक्षाने आखला. शेबॉयगन शहर डेमोक्रॅटांकडे झुकणारं. ते मधोमध चिरलं, दोन्ही तुकडे आजूबाजूच्या रिपब्लिकन गावांना जोडले आणि दोन्ही जागा घेतल्या. उद्या नाशकातलं अर्धं सिडको इगतपुरीच्या गावांना आणि अर्धं सिन्नरला जोडलं तर सिडकोचा म्हणून आमदार येईल का? मिलवॉकी, मॅडिसन या तिथल्या मोठ्या शहरांमध्ये डेमोक्रॅट मुळातच दाटीने राहतात, तिथलं ढीगभर मताधिक्य वाया गेलं ते वेगळंच. डिसेंबर २०२३मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वळणाचा पुढचा नकाशा रद्द केला. कारण पक्षपात नव्हे, तर मतदारसंघांचे तुकडे एकमेकांना लागून नाहीत हे! २०२४ला नव्या नकाशावर निकाल रिपब्लिकन ५४, डेमोक्रॅट ४५ असा लागला. शेबॉयगन परत एक झालं आणि ती जागा डेमोक्रॅटांना गेली.

आपल्या विधानसभेच्या सीमा आमदार ठरवत नाहीत, परिसीमन आयोग ठरवतो. नाशिक पूर्व, मध्य आणि पश्चिम हे मतदारसंघ २००८च्या आदेशातले, २००१च्या जनगणनेवरचे. आमदार-खासदार आयोगाला मदतीला असतात, पण त्यांना मताचा अधिकार नसतो. म्हणून विधानसभेची मला तितकी धास्ती नाही.

धास्ती आहे ती महापालिकेची. प्रभागात नगरसेवक किती, हे राज्य सरकारच्या हातात. नाशकात २०१२ला दोनाचा प्रभाग होता, २०१७ला चाराचा झाला. प्रभाग एवढा पसरला की गल्लीत काम केलेला अपक्ष आपोआप मागे पडतो आणि पॅनेल उभं करणाऱ्या पक्षाचं फावतं. प्रभागांची प्रारूप रचना (कच्चा नकाशा) लागली की इच्छुक नकाशाचे फोटो काढून मोबाइलवर मोठे करकरून आपली गल्ली शोधत बसतात. हरकतीही बहुतेक तेच घेतात. आपल्यासारख्या मतदाराला प्रभाग बदलल्याचं कळतं ते घरी व्होटर स्लिप आल्यावर, तोवर हरकतींची मुदत कधीच संपलेली असते.